झावळीचा क्रूस

नारळाच्या झावळ्या बोलत होत्या त्या काळची गोष्ट. वसईतल्या एकाच झाडाच्या दोन कोवळ्या झावळ्या एकाच दिवशी कापल्या गेल्या. थोरली इनासशेटच्या बंगल्याची कमान सजवायला गेली. धाकटीचा पास्कोलबायने ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी क्रूस विणला, फादरांकडून आशीर्वाद घेतला आणि घरातल्या येशूच्या तसबिरीमागे खोचला.

वाऱ्यावरून थोरलीची हाक आली, “काय गं, भिंतीला टेकून सुकत काय बसलीस? इथे दिवे आहेत, बाजा आहे. ये की!”

धाकटीचं डोकंच सणकलं. “आग लागो तुझ्या बाजाला! मी येशूच्या नावाची झाले. त्याला सोडून शेटच्या दारात मिरवू? पाहुणे गेले की तुला कोण विचारतं ते बघ!”

पाहुणे गेले. माळ्याने थोरलीला फाटकाबाहेर नेऊन पेटवून दिलं.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारासाठी फादरांनी घरोघरचे जुने क्रूस गोळा करून जाळले, त्यात धाकटीही जळाली. ती राख कपाळाला लावून घ्यायला देवळात रांग लागली. रांगेत मान खाली घालून इनासशेटही उभा होता.

त्याच्या कपाळाला लागता लागता धाकटी फणकारली, “माझ्या बहिणीची राख तुझ्याच दारात होती ना रे? ती का नाही लावलीस?”