भूपालशेठची जोडी

सांगलीच्या भूपालशेठ चौगुल्यांच्या हळदीच्या पेढीचा सगळा कारभार तळमजल्यावरच्या एका सर्व्हरमध्ये होता. पुराचं पाणी पायरीला लागून परतलं, तेव्हा शेठनी नव्या इंजिनिअरला, शाल्मलीला, फर्मावलं, "जोडीला दुसरा सर्व्हर खास बनवून घे. पिवळाधमक. वर आपल्या पेढीच्या छापाचं हळकुंड लुकलुकलं पाहिजे."

"लुकलुकेल, शेठ. पण तो सोलापूरच्या शाखेत ठेवू. इथं पाणी शिरलं तर दोन्ही बुडतील."

"माझी वस्तू माझ्या नजरेसमोर राहणार. जोडी मोडायची नाही. उद्या ऑर्डर दे."

दुपारी शेठ हात धुऊन आले, तर त्यांच्या काचेच्या केबिनचं दार बंद. ते ओढलं की आपोआप कुलूप लागायचं. आत टेबलावर पुरणपोळीचा डबा उघडा.

"किल्ली आण," शेठ म्हणाले.

शाल्मलीनं काचेतून बोट दाखवलं. "ती काय, आत खुंटीवर."

"मग दुसरी आण. अडचणीला म्हणून करून घेतलीय ना?"

"तीही तिच्याच शेजारी टांगलीय, शेठ. तुमच्या नजरेसमोर. जोडी अजिबात मोडली नाही."

शेठनी काचेला नाक लावून आधी दोन्ही किल्ल्या पाहिल्या, मग पोळ्या पाहिल्या. पोळ्या जरा जास्त वेळ पाहिल्या.

"सोलापूरला पाठव," ते पुटपुटले. "सर्व्हर. आणि आता सुताराला बोलाव."

"सुतार कशाला? तिसरी किल्ली समोरच्या चहावाल्याकडे ठेवलीय. तेच आपलं सोलापूर समजा."