वाटेचं झाड

फोटो हवे तेवढे काढा, फक्त वाटेवरच्या त्या झाडाला हात लावू नका. पलीकडच्या सगळ्या झाडांची फळं तोडून झाली आहेत आणि या एकावर फळं लालभडक पिकून गळताहेत, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तो आमचा आळस नव्हे. आमच्या बेलढाण्यात कॉफीच्या प्रत्येक बागेत वाटेवरच्या एका झाडाची फळं न तोडता ठेवतात.

फार जुनी गोष्ट. तेव्हा या डोंगरावर कॉफी नव्हती. कुटकी आणि ज्वारी व्हायची, तीही जेमतेम पोटापुरती. इथे सोमती नावाची मुलगी होती आणि तिच्या घरी बिसराम लमझना म्हणून राहिला होता. लग्नाआधी सासऱ्याच्या शेतात राबायचं आणि मग मुलगी न्यायची, ही आम्हा कोरकूंची जुनी रीत. मध्येच एक गोरा साहेब त्याला सामान वाहायला दूर दक्षिणेत घेऊन गेला. बिसराम परतला तो कॉफीचं एक रोप घेऊन. तिकडचे डोंगर या झाडांनी भरलेत आणि माणसं पोटभर जेवतात, असं तो सांगायचा. पण फळ पिकल्यावर त्याचं करायचं काय, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ते शिकायला तो पुन्हा निघाला.

निघताना त्याने सोमतीच्या वाटेवर रोप लावलं. "याचं पयलं फळ मीच येऊन तोडीन," तो म्हणाला. "तवर कोनाले हात नोको लावू देऊ."

सोमतीने मान हलवली. वचन एवढंच होतं, असं सांगतात.

झाडाला फळ धरलं. बिसराम आला नाही. फळं पिकली, तेव्हा पाखरांनी आणि उदमांजरांनी वरचा गोड गर खाल्ला आणि बिया उतारभर टाकल्या. पुढच्या पावसात जांभळीच्या सावलीत रोपं उगवली. दर वर्षी हेच होत राहिलं. बापाने तिच्यासाठी दुसरं स्थळ बघायचं काढलं, तर सोमतीने तीन दिवस चूल पेटवली नाही म्हणे. झाडाखालचा पाचोळा मात्र ती रोज झाडायची. येणाऱ्याची वाट चुकू नये, एवढंच तिच्या मनात. फार झुरली हो ती पोर.

बघता बघता अख्खा उतार कॉफीने भरला. मग कधीतरी दक्षिणेकडचा एक फिरता व्यापारी इथे मुक्कामाला आला. त्याने बिया वाळवल्या, भाजल्या, कुटून उकळल्या. त्या वासाने सारा ढाणा, म्हणजे आमची अख्खी वस्ती, गोळा झाली. आता फळं तोडायला परवानगी हवी होती आणि ती सोमतीची. माणसं तिच्या दारात येऊन उभी राहिली. तोवर तिचे केस पिकले होते.

तिने एकदा वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "झाडाचं ठरलं हाय. त्याच्या लेकरायचं काई ठरलं नाई. तोडा."

त्या दिवसापासून व्यापारी बिया विकत नेऊ लागला आणि बेलढाण्याची उपासमार संपली. सोमतीने स्वतः कॉफी कधी चाखली नाही. शिकून यायचं ते बिसरामने, पहिला घोट त्याच्याच हातचा, असं ती म्हणायची. ती गेली तेव्हा झाड फळांनी लगडलेलं होतं म्हणे.

आजही नवी बाग लावली की वाटेवरचं पहिलं झाड घराबाहेर गेलेल्या माणसाच्या नावाने सोडतात. त्याने परत येऊन ते तोडायचं. कुणाची मुलं पुण्याहून दिवाळीला येतात, आणि आई त्यांना पाणी विचारायच्या आधी हातात टोपली देते. ज्या घरचं माणूस येत नाही, त्या घरचं फळ पाखरं खातात, बिया टाकतात आणि ती बाग आपोआप वाढत जाते.

ही समोरची बाग माझी. हे झाड माझ्या धाकट्या लेकाच्या नावाचं आहे. मघाशी तुम्ही विचारलंत ना, गावात सगळ्यांत मोठी बाग कुणाची? माझीच.