टेंगूळवाली धनुकली

ही गोष्ट अगदी खरी. खोटी वाटली तर बकरीला विचारा. सुरुवात तिनंच केली.

एक होती उंदरीण. नाव चुटकी. तिचं एक पिल्लू. एवढुस्सं, बोटाच्या पेराएवढं. पिल्लाची कापसाची गादी उन्हात वाळत होती. बकरी आली. चब् चब् चब्! गादी गट्टम. वर ढेकर. फार गुणाची बकरी!

पिल्लू कुडकुडलं. हुडहुड हुडहुड.

चुटकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. गेली दस्तगीर पिंजाऱ्याकडे.

"चाचा, चाचा, कापूस पिंजा.
पिल्लू माझं झोपेना!"

चाचा फार कामात होते. जांभई देत होते.

"धनुकली मोडली, बेटी. एवढं मोठं लाकडी धनुष्य, पण मोडलं. आता कापूस पिंजू कसा? फुंकर मारून? लखूअण्णा सुतार नवी करतील, तर पिंजेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"अण्णा, अण्णा, धनुकली करा.
पिंजारी कापूस पिंजेना,
पिल्लू माझं झोपेना!"

अण्णा फार मोठे कारागीर. सकाळपासून तीन धनुकल्या केल्या. कडाड्! कडाड्! कडाड्! तिन्ही मोडल्या. वा!

"माझं काहीच चुकलं नाही," अण्णा म्हणाले. "लाकडालाच गाठ आहे. गाठ तासून सपाट केली, की मोडलंच. गाठ निघून जाईल, तर करीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गाठबाई, गाठबाई, निघून जा.
सुतार धनुकली करेना,
पिंजारी कापूस पिंजेना,
पिल्लू माझं झोपेना!"

गाठ फुगून बसली होती.

"मी का जाऊ? इथे माझी फांदी होती. मलाच तासायचं आणि मोडलं की मलाच नावं ठेवायची! पटाशी मला वळसा घालेल, तर मी लाकूड घट्ट धरीन."

पटाशी लाकूड तासते म्हणे. आज कोपऱ्यात लोळत होती.

तुरुतुरु तुरुतुरु.

"पटाशीताई, पटाशीताई, वळसा घाल.
गाठ जागची हलेना,
सुतार धनुकली करेना,
पिंजारी कापूस पिंजेना,
पिल्लू माझं झोपेना!"

"मी आपली सरळ जाणारी! वळायला धार लागते. दगड धार लावेल, तर वळेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"दगडोबा, दगडोबा, धार लावा.
पटाशी वळसा घालेना,
गाठ जागची हलेना,
सुतार धनुकली करेना,
पिंजारी कापूस पिंजेना,
पिल्लू माझं झोपेना!"

"कोरड्या पाठीवर? छे! आमची पाठ नाजूक. रांजण पाणी देईल, तर लावीन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"रांजणदादा, रांजणदादा, पाणी द्या.
दगड धार लावेना,
पटाशी वळसा घालेना,
गाठ जागची हलेना,
सुतार धनुकली करेना,
पिंजारी कापूस पिंजेना,
पिल्लू माझं झोपेना!"

"वाकू? मी? पोट बघितलंस माझं? कुणी वाकवलं, तर देईन."

चुटकीनं इकडे बघितलं. तिकडे बघितलं. पुढे विचारायला कुणीच उरलं नाही! एवढी मोठी मोठी माणसं, एवढ्या मोठ्या वस्तू, आणि सगळ्यांना कारणं पाठ!

चुटकी सरसर रांजणावर चढली. शेपूट पाण्यात बुडवली. डुबुक्! धावत गेली, दगडावर झटकली. टप् टप् टप्. पुन्हा डुबुक्. पुन्हा टप् टप् टप्.

दगड भिजला. आता काय सांगणार?

दगडानं धार लावली. खस्स खस्स.
पटाशीनं वळसा घातला. सुर्रर्र! अण्णांना हात हलवावे लागले. अरेरे!
गाठ जागची हलली नाही. तिथेच राहिली, छोटंसं टेंगूळ होऊन.

"टेंगूळ?" अण्णा ओरडले. "माझ्या धनुकलीला टेंगूळ? लोक काय म्हणतील!"

चाचांनी येऊन धनुकली वाकवली. वाकली... वाकली... आणखी वाकली...

कडाड्?

नाही! गाठीनं लाकूड घट्ट धरलं.

चाचांनी दोरी बांधली. टणण् टणण्. कापूस फुलला. भुस्स भुस्स. मऊ मऊ गादी झाली. पिल्लू गादीत शिरलं. नुसतं नाक बाहेर.

मग काय! सगळे पुढे सरसावले.

"मी केली!" अण्णा म्हणाले.
"मी वळले!" पटाशी म्हणाली.
"मी घासलो!" दगड म्हणाला.
"पाणी माझं!" रांजण म्हणाला. तो तर हललाही नव्हता.

चुटकी गादीच्या काठावर उभी राहिली. बोट ओठांवर ठेवलं.

"शूऽऽऽ! पिल्लू झोपलं."

आणि सगळे गप्प बसले. लग्गेच. कुणी म्हणालं नाही, "आधी तो गप्प बसेल, तर बसेन."