बेलझरीची सोडलेली बांधी

बेलझरीच्या तलावाची पाळ दक्षिणेकडून चालत आलात, की उत्तरेच्या टोकाला ती एकदम खाली उतरते. तिथे मातीची भिंत संपते आणि काळ्या खडकाची रुंद, गुळगुळीत पाठ लागते. पलीकडे अडीच-तीन एकरांची दगडगोट्यांची मोकळी पट्टी. दोन्ही अंगांना धानाच्या हिरव्या बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी साठवलेली शेते, मधे ही उघडी जमीन. तिथे गवत उगवते, गुरे चरतात, टिटव्या अंडी घालतात, पण नांगर कोणी लावत नाही. तलाव भरला की जादा पाणी याच खडकावरून निघून जाते. अशा जागेला झाडीपट्टीत सलंग म्हणतात.

बाहेरगावचे कोणी तलाव पाहायला आले, की पैकूजी संग्रामे त्यांना पाळीवरून फिरवून आणतात. ऐंशी ओलांडलेले आहेत, तरी काठी फक्त सोबतीला घेतात. सलंगीपाशी आले की आधी स्वतःच्या चपला काढतात, मग पाहुण्यांकडे बघतात. पाहुणेही निमूट चपला काढतात. "ही गावातली सगळ्यात चांगली बांधी होती म्हणे," पैकूजी सांगू लागतात, आणि त्यांचा आवाज जरा खाली येतो. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी ही हकिकत इथेच ऐकली होती. तेव्हा पाळीवर मोहाच्या झाडांची ओळ होती, आणि पाणी सलंगीवरून आले की सगळे गाव हातातले काम टाकून इथे जमायचे, असे ते सांगतात.

तेव्हा तलाव नव्हता. दोन टेकड्यांमधून नाला यायचा, पावसाळाभर गर्जायचा आणि दिवाळीपर्यंत आटून जायचा. शेवटच्या एका पाण्यावाचून धान उभ्याने वाळायचे. गावाचा पाटील होता महागू. त्याच्या मनात आले, की दोन टेकड्यांच्या मधे पाळ घालावी आणि पावसाळा गावातच ठेवून घ्यावा. लोक हसले. नाल्याला बैलासारखे दावे लावणार का, म्हणाले. महागू चिडला नाही. तो घरोघर गेला, अंगणात बसला, काडीने मातीत रेघा ओढून दाखवल्या. अखेर गाव राजी झाले. दोन उन्हाळे माणसांनी डोक्यावरून माती वाहिली. पाटलाची बायको अनसूयाही टोपली घेऊन बायकांच्या ओळीत असायची, असे सांगतात.

पण पाळ घालताना महागूने एक गोष्ट केली होती, आणि तिचे कारण त्याने कोणाला सांगितले नव्हते.

उत्तरेच्या टोकाला तो काळा खडक होता. पूर आला की नाल्याचे जादा पाणी पूर्वीपासून त्या खडकावरून फुटून बाजूने निघून जायचे. महागूच्या बापाने, सोनबाने, एका बाजूला बांध घालून त्या पाण्याला वळवले आणि खडकाखालच्या गाळात बांधी उभी केली. काळी, लोण्यासारखी माती. त्या बांधीत चिनोर, हा वासाचा तांदूळ, व्हायचा. धान फुलोऱ्यावर आले की वास पार वाटेपर्यंत यायचा आणि वाटसरू थांबून विचारायचे, कोणाचे हे धान? सोनबाने प्राण सोडला तोही त्याच बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर. म्हणून पाळ घालताना ती खडकापाशी थांबवायची, की खडकावरही माती चढवून बांधी वाचवायची, हे ठरवायची वेळ आली, तशी महागूने माती चढवली. पाटलाला कोण विचारणार? पाळ लांबली तर बरेच, असेच लोकांना वाटले.

पहिल्या वर्षी पाळ मधोमध फुटली. लोकांनी पुन्हा बांधली. दुसऱ्या वर्षी पुन्हा फुटली, आणि या वेळी खाली असलेल्या ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, टोलीतली अकरा घरे घेऊन गेली. झिबल नावाचा ढिवर भगदाडाला खांदा लावायला धावला होता. तो सापडलाच नाही. त्याची बायको पारबता चार दिवस काठाकाठाने फिरत होती, म्हणे.

पुढच्या उन्हाळ्यात पाळ पुन्हा उभी राहिली, पण माणसांची मने खचली होती. गावच्या भगताने सांगितले, पाणी जीव मागते आहे. एक दिला तर पाळ टिकेल. पिंपळाखाली बैठक बसली. ज्याच्या मागे रडायला कोणी नाही असे माणूस पाहावे, असे ठरले, आणि पारबतेचे नाव निघाले. ते नाव आधी कोणी घेतले, हे नंतर कोणालाच आठवेना, असे सांगतात. महागू खाली मान घालून बसला होता. तो काही बोलला नाही. गावाने तोच होकार धरला.

पारबतेला बोलावून सांगितले. ती रडली नाही की ओरडली नाही.

"जाईन," ती म्हणाली. "पन आधी पानी भरू द्या. मी ढिवराची बाई. पानी काय मांगते, थे मले ओळखू येते. थे ज्या जागी सांगन त्या जागी उतरीन."

भगताने होय म्हटले. मरायला तयार असलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे?

पावसाळा लागला. पारबता रोज पाळीवर यायची. बरोबर बांबूच्या खुंट्यांचा भारा. पाण्याच्या कडेने हातभर अंतरावर ती खुंट्या रोवायची, आदल्या दिवशीच्या किती बुडाल्या, कोणत्या हलल्या, हे बघायची. काही ठिकाणी ती नुसती पाय पाण्यात सोडून बराच वेळ बसायची. पोरेसोरे तिला लांबून बघायची. मोठी माणसे वाट बदलून जायची.

महागूला मात्र सकाळची फेरी चुकवता येत नव्हती. एके दिवशी उत्तरेच्या टोकाला दोघे समोरासमोर आले.

"पाटीलबा," ती पाण्यातून म्हणाली, "इथं मातीखाली काय हाय?"

"काय असन? मातीच हाय."

"मंग इथलं पानी येवढं थंड कावून लागते? दगडावरचं पानी असं लागते. अना इथल्याच खुंट्या रोज वाकतात, बाकीच्या नाई."

महागू पुढे निघून गेला. त्या दुपारी त्याचे ताट तसेच राहिले. अनसूयेने ताट बाजूला सारून विचारले, आणि दोन वर्षे जिभेआड ठेवलेले त्याने तिला सांगितले. खडक, जुनी वाट, चढवलेली माती, सगळे. तिने ऐकून घेतले. तिच्या टोपलीतलीही माती त्या खडकावर पडली होती.

"मंग त्या बाईले पानी मारते, का तुमी मारता?" एवढेच ती बोलली.

महागू बांधीवर गेला. चिनोर गुडघ्याच्या वर आला होता. धुऱ्यावर बसून तो संध्याकाळपर्यंत ते धान बघत राहिला. बापाने या बांधीतला एकेक दगड हाताने वेचला होता. त्याला वाटले, पाऊस कमी पडेल. या साली तरी कमी पडेल.

भादवा सरता सरता झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी सकाळी पाणी पाळीच्या माथ्यापासून वीतभर खाली होते आणि मधल्या जागी माती ओली होऊन सुटू लागली होती. डफ वाजले. सगळे गाव पाळीवर आले. टोलीतली माणसे पोरांना कडेवर घेऊन उंचावर उभी होती. पारबतेला आणायला कोणाला जावे लागले नाही. हळद लावून, धुवट लुगडे नेसून ती स्वतःच आली.

"पानी काय म्हनते?" भगताने विचारले.

ती चालत उत्तरेच्या टोकाला गेली. माणसे मागोमाग गेली. तिथल्या खुंट्या सगळ्या एकाच बाजूला, पाळीकडे, आडव्या झाल्या होत्या.

"इथं," ती म्हणाली. "या मातीच्या आड त्याची जुनी वाट हाय. दोन महिने थे इथंच धक्का मारते. वाट भेटत नाई म्हनून मधे फोडते. तुमी म्हनसान तं मी उतरीन. पन मी गेल्यावरबी पानी इथंच येईन. मंग पुढच्या साली कोन?"

 पाळीच्या पलीकडे कोणाची बांधी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. पारबतेने महागूकडे पाहिलेही नाही. तिने पाहिले असते तर कदाचित तो रागावला असता आणि सुटला असता, असे पैकूजी म्हणतात. त्याच्या कानावर मागून चिनोराची सळसळ येत होती. समोर टोलीतली पोरे पावसात कुडकुडत होती, आणि त्यातल्या एकाच्या अंगावर पारबतेने दिलेला झिबलचा जुना सदरा होता.

महागूने शेजारच्या माणसाच्या हातातली कुदळ घेतली.

"जुनी वाट माह्या बापाच्या बांधीतून जाते," तो म्हणाला. "मले ठाव होतं. ही माती मीच टाकली. झिबल माह्यापाई गेला."

आणि त्याने स्वतःच्याच पाळीवर पहिला घाव घातला. पाटलाच्या जमिनीला हात लावायची कोणाची छाती होईना.  तेवढ्यात अनसूया पदर खोचून पुढे आली आणि सुटलेली माती टोपलीत भरू लागली. दुसरी टोपली पारबतेने उचलली. मग मात्र सगळे धावले. दुपार कलायच्या आत काळा खडक उघडा पडला.

पाणी आले. म्हणे, फुटून आले नाही. गोठ्यातून गाय निघावी तसे सावकाश खडकावर आले, महागूच्या पायांशी क्षणभर थबकले, घोट्याएवढे झाले आणि मग बांधीत उतरले. पोटरीवर, लोंब्या फुटायच्या बेतात आलेले धान आडवे झाले, नंतर दिसेनासे झाले. काळी माती वाहून गेली आणि संध्याकाळपर्यंत खालचे गोटे पांढरे होऊन वर आले. महागू शेवटपर्यंत तिथेच उभा होता. पाळ टिकली. त्या साली पहिल्यांदा गावाला दिवाळीनंतरचे पाणी मिळाले, आणि टोलीतली घरे उंच जागी, पाटलाच्याच आवारालगत उभी राहिली.

बळीची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. भगत स्वतःच पारबतेला विचारून पेरणीचा दिवस सांगू लागला. कोणत्या बांधीला कधी पाणी सोडायचे, हे ती मरेपर्यंत ठरवत होती, आणि तिने टोलीच्या शेवटच्या बांधीला कधी कोरडे ठेवले नाही.

झिबलसाठी मात्र तिने महागूला माफ केले नव्हते, असे सांगतात. दर वर्षी सलंगीवरून पाणी आले की महागू तिच्या दारात जाऊन उभा राही. ती आत ये म्हणत नसे. तो थोडा वेळ उभा राहून परत जाई. पुढे तो थकला, मुलाच्या आधाराने आला, त्या वर्षी तिने पाण्याचा तांब्या बाहेर आणून उंबऱ्यावर ठेवला. महागू ते पाणी प्यायला. त्याच हिवाळ्यात तो गेला. जाण्याआधी त्याने गावाला जवळ बसवून वचन घेतले, की ही पट्टी कोणी पेरायची नाही, त्याच्या मुलांनीही नाही. आणि ज्याला गावाकडून काही मागायचे असेल, त्याने आधी आपले काय सोडतो ते बोलायचे.

आजही बेलझरीत सभेला उभा राहणारा माणूस आधी तेच बोलतो. मागच्या साली तलावाच्या पोटात वाढलेल्या बांध्या मोडायचा विषय निघाला. काठाकाठाने सरकत सरकत गावाने तलाव बराच खाल्ला होता. सरपंच कुंदाबाई लंजे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांनी एक बांधी आत वाढवली आहे. ती उद्या मोडते. आता पुढचं बोलू."  मग मागच्या ओळीतून दुसरे कोणी तरी उठले.

ते कोण, हे पैकूजी पाहुण्यांना सांगत नाहीत. काठी उचलतात आणि परत निघतात. त्यांच्या घरामागून तलावाकडे जाणाऱ्या उतारावर या साली धान नाही; तिथे पाणी आहे, आणि सकाळी त्यात बगळे उतरतात.