जोमाची मजुरी

केवलनाथ महाराजांचा मुक्काम खाडीकाठच्या आंबेखार गावी असताना घडलेली ही हकीकत आहे. भाविकांनी ती शांत चित्ताने ऐकावी.

आंबेखारात मीठ पिकते. हंगाम संपला की मिठागराचे मालक त्रिंबकशेट भर दुपारी राशींजवळ बसून मजुरी वाटत असत. पूर्वी नातेवाइकांनी परस्पर पैसे उचलल्यावरून भांडणे झाली होती, म्हणून रीत पडली होती: मजुरी ज्याची त्याच्याच हातावर ठेवायची. भावाच्या नाही, बायकोच्याही नाही.

त्या वर्षी जोमा नावाचा मजूर हंगाम पुरा करून तापाने वारला. त्याची बायको राघीबाई महाराजांची भक्त. पदरात लहान मुली, घरात दाणा नाही. ती मजुरी मागायला आली, तसे शेट हसले.

"राघे, तुझ्यासाठी रीत मोडू होय? जोम्याला पाठव. येत नसेल, तर तुझे महाराज आणतील की त्याला ओढून."

भोवतालचे काही जण हसले. राघीबाईने जाऊन सगळे महाराजांच्या कानावर घातले. महाराज उठले, तिच्यासोबत मिठागरात आले आणि शेटना म्हणाले, "जोमा आला आहे. दे त्याला."

समोर कोणीच नव्हते. वारा पडला होता. थट्टा पुढे न्यावी म्हणून शेटनी "घे रे जोम्या" म्हणत थोडी नाणी रिकाम्या जागी सोडली.

नाणी खाली पडली नाहीत.

छातीच्या उंचीवर, ओंजळीत असावीत तशी ती एकमेकांना टेकून राहिली. जमिनीवर त्यांची सावली पडली होती. त्या सावलीभोवती दुसरी कसलीही सावली नव्हती.

"त्याचा हात अजून पुढेच आहे," महाराज म्हणाले.

शेटनी उरलेली सगळी मजुरी वरून सोडली. मग महाराजांनी राघीबाईला पदर पसरायला सांगितला. नाणी सावकाश, जपून त्यात उतरली. पदराचे टोक आपोआप उचलले गेले आणि त्याला गाठ बसली.

राघीबाई समोरच्या हवेकडे पाहत हळूच म्हणाली, "पोरी बऱ्या हायत."

शेट महाराजांच्या पायांवर पडायला धावले. महाराज मागे सरले. "माझ्या नको. ज्याची अडवलीस, त्याच्या."

शेटनी त्या मोकळ्या जागी डोके टेकवले. जमीन उन्हाने तापली होती. पण कपाळाला लागली ती गार, ओली, मिठाने चिरलेली पावले. शेट बराच वेळ तिथून उठले नाहीत.