तकियातल्या वहाणा

“मग बाबा, पोरांना काय सांगू? आपण जिंकलो म्हणू, का परक्यासाठी राबलो म्हणू?”

काटकर मास्तर टेकडीवरच्या तकियात, फकिराच्या त्या जुन्या ठाण्यात, शिरले ते हेच विचारत. तकिया सांभाळणाऱ्या इमामबाबांनी मान वर केली नाही.

झालं होतं असं. महायुद्धातली देशाची कामगिरी मास्तरांनी वर्गात घडाघडा सांगितली. वाळवंट, ब्रह्मदेश, इटली... आपल्या पलटणींनी कुठं कुठं मैदान मारलं ते. बोलण्यात मास्तरांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता, आणि हे मास्तरांनाही चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात बायजा उठली. तिच्या आज्याचा धाकटा भाऊ त्याच लढाईत गेलेला.

“गुरुजी, राज्य तर गोऱ्यांचं होतं. मग जिंकलं कोण?”

“आगाऊपणा पुरे. बस खाली.”

बायजा बसली. तिच्याबरोबर सगळा वर्गच बसला म्हणा ना. त्या दिवसापासून एकही पोर काही विचारीना. मास्तरांना अन्न गोड लागेना.

“उत्तर द्या बाबा. उत्तर मिळालं की पोरं परत बोलतील.”

“मग बोलशील तूच, पोरं नाहीत.”

...

बाबा वहाणांना तेल चोळत होते. त्या गावची रीतच तशी. पलटणीत निघालेला गडी पायातल्या वहाणा तकियात काढायचा आणि अनवाणी जायचा. परतला की त्याच घालून घरी. जे आले नाहीत त्यांच्या तिथंच राहिल्या. दर साली तेल पाजून बाबांनी त्या मऊ ठेवल्या होत्या.

त्यातला एक जोड त्यांनी पुढं सरकवला.

“घाल.”

मास्तरांची बोटंच कशीबशी आत गेली.

“बाबा, या तर पोरासोराच्या...”

“वय वाढवून सांगितलं होतं त्यानं. बायजाच्या घरचा.”

मास्तरांनी पाय काढून घेतला. जोड नीट जुळवून परत जागेवर ठेवला.

“उद्या पोरांना घेऊन येऊ?”

“ये. तेल संपत आलंय, तेवढं आण.”

दुसऱ्या दिवशी पोरं तेल चोळत बसली. कोपरापर्यंत हात माखले. बायजानं आपल्या घरचा तो जोड उचलला, खाली ठेवला, हळूच पाय घातले. जरा सैल, पण जोड बसला.

“गुरुजी,” ती म्हणाली, “ह्यो कुणासाठी गेला वो?”

सगळ्या पोरांनी माना वळवल्या. मास्तरांनी घसा खाकरला. उत्तर जिभेवर तयार होतं.

बाबांनी तेलकट हात वर केला.

“थांब मास्तर. आधी तिला चार पावलं चालू दे.”