रेवणशेठचं कबुतरखातं

“आजपासून पेढीचे सगळे निरोप कबुतरं नेतील!” हळदीचे मोठे व्यापारी रेवणशेठ गरजले, आणि दूरदूरच्या दुकानांवर पायी निरोप नेणारे सगळे जासूद एका दमात घरी बसले.

त्याला कारण गोवर्धनदास सौदागर. तो उत्तरेकडच्या राजेगावचा. एवढंच म्हणाला होता, “शेठ, मोठमोठ्या पेढ्यांनी कबुतरं घेतलीसुद्धा. तुम्हीच राहिलात.” झालं! रेवणशेठना उपास चालला असता, पण मागे राहिलेलं कसं चालेल? पिंजऱ्यांवर पिंजरे आले. नवं खातं निघालं. वर फर्मान सुटलं, पेढीवरच्या ज्या माणसाने कबुतराला नावं ठेवली, त्याची नोकरी गेली!

मग काय, सगळे मूग गिळून बसले. नांदखेडच्या मुनिमाला निरोप गेला, “हळद पाठवू नका.” दुसऱ्याच दिवशी गाड्यांची रांग दारात. शेठ म्हणाले, “मुनीम जुन्या वळणाचा. त्याला सवय नाही.” पिंपळदऱ्याला निरोप गेला, “हळद विकत घ्या.” तिथे कुणी हललं नाही. घेतली ती गोवर्धनदासाने, आणि तीही भाव चढायच्या आदल्या दिवशी. शेठ म्हणाले, “याला म्हणतात दूरदृष्टी!”

कबुतरखान्यात झाडलोटीला बायजा होती, भिकोबा जासुदाची मुलगी. पूर्वेकडच्या नांदखेडचा निरोप असो की पश्चिमेकडच्या पिंपळदऱ्याचा, पाखरू उत्तरेलाच उडतं हे ती रोज बघत होती. दर बाजाराला सौदागर नवी पाखरं आणून विकायचा. त्या नव्या पाखरांतली एक लंगडी कबुतरी आता तिसऱ्यांदा नवी होऊन आली होती.

घरी चूल थंडावत चालली होती. भिकोबाने जन्मभर चालण्याशिवाय काही केलं नव्हतं. तो ओसरीवर पाय चोळत बसायचा. शेवटी बायजा शेठसमोर जाऊन उभी राहिली.

“शेठ, आबांना परत कामावर घ्या.”

“कबुतरापुढे तुझा आबा? अगं, ते उडतं!”

“उडतं तर खरंच. मी कुठं नाही म्हणते?”

शेठना चेव आला. “बरं! उद्या सकाळी नांदखेडला एक चिठ्ठी कबूतर नेईल, तीच चिठ्ठी तुझा बाप नेईल. तुझ्या बापाची आधी पोचली तर सगळे जासूद कामावर. नाही पोचली तर बापलेकींनी गाव सोडायचा. आहे कबूल?”

“कबूल! फक्त मजकूर मी सांगणार.”

तिने मजकूर सांगितला, ‘ही चिठ्ठी घेऊन जो जातीने पेढीवर येईल, त्याच्याकडून आणखी दोनशे कबुतरं घेऊ.’ शेठ खूश! पोरीला अक्कल आली म्हणाले, आणि त्यांनी खाली झोकात सही ठोकली.

सकाळी कबूतर सोडलं. ते उत्तरेला गेलं. भिकोबा धोतर खोचून पूर्वेला गेला.

दुसऱ्या दिवशी भिकोबा नांदखेडच्या मुनिमाला साक्षीला बैलगाडीत घालून हजर!

“कबूतर कधी पोचलं?” शेठनी विचारलं.

मुनिमाने घाम पुसला. घरी बायकापोरं होती. “शेठ, ते... पोचण्याच्या बेतात असावं.”

“म्हणजे पोचलं नाही?”

“असं मी कसं म्हणेन, शेठ? वाटेत दमलं असेल. पाखराची जात.”

शेठ काही बोलणार तेवढ्यात घोडा दौडत आला. गोवर्धनदास उडी मारून उतरला आणि चिठ्ठी नाचवत आत शिरला. “शेठ! तुमची चिठ्ठी मिळाली! दोनशे कबुतरं कधी पाठवू?”

शेठनी वाकून चिठ्ठीवरची आपली सही पाहिली.

“ही चिठ्ठी नांदखेडला जायची होती,” शेठ सावकाश म्हणाले. “राजेगावला तुमच्या हाती कशी पडली?”

गोवर्धनदासाने चिठ्ठी घाईघाईने पाठीमागे धरली. मग पिंपळदऱ्याच्या हळदीचा निरोप कुणाच्या हाती पडला होता, तेही शेठच्या ध्यानात आलं. ते बायजावर कडाडले, “तुला ठाऊक होतं? मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार? पेढीवरच्या माणसाने कबुतराला नावं ठेवली की नोकरी जाते. म्हणून पेढीबाहेरच्या माणसाला बोलावून घेतलं. आणि मी अजूनही नावं ठेवत नाही, शेठ. पाखरू इमानी आहे. सोडलं की आपल्या घरी जातं. घर कुठलं, ते विकत घेताना कुणी विचारलं नाही.”

शेठचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला. तेवढ्यात सौदागराने चिठ्ठी पुन्हा पुढे केली. “ते काही असो! चिठ्ठीवर तुमची सही आहे. रेवणशेठचा शब्द की पोराटोरांचा खेळ?”

आता आली का पंचाईत! शब्द मोडला तर बाजारात पत जाते. पाळला तर पुन्हा तीच लंगडी कबुतरी. शेठनी बायजाकडे पाहिलं.

“घ्या की दोनशे, शेठ!” बायजा म्हणाली. “फक्त अंड्यांतून आपल्याच खुराड्यात निघालेली घ्या, म्हणजे ती घरी म्हणून इथंच येतील. दुकानांवरून निरोप आणतील. आधी पिंजऱ्यात घालून त्यांना तिथवर न्यायला मात्र माणूस लागेल, ते आमचे आबा आणि बाकीचे जासूद बघतील. आणि दोनशे पुरी होईपर्यंत सौदागरांनी इथंच मुक्काम करावा. अंडी उबवायला पाहिजे तर मी गवत देते!”

रेवणशेठ आधी नाकातून हसले, मग गादीवर लोळून हसले. मुनीमही हसला, शेठकडे बघून, जपून. जासूद त्याच दिवशी कामावर आले. बायजाला चांदीचे तोडे मिळाले आणि कबुतरखात्याच्या किल्ल्या मिळाल्या. मग शेठनी डोळे पुसत हुकूम सोडला, “सौदागरांचा बिछाना खुराड्यात घाला!”